न सुटलेली ड्यूटी

दुर्गजवळच्या रसमड्याच्या त्या कारखान्यात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची छाती कुणाची होत नव्हती. बदलीचा माणूस आल्याशिवाय पंप हाउस सोडायचं नाही. कारखान्यात भंगार वितळवत, आणि भट्टीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून थंड पाणी सारखं फिरतं ठेवावं लागे. पाणी थांबलं तर भट्टी फुटणार आणि तिच्याजवळची माणसं जागीच भाजून निघणार. म्हणून पंप हाउस क्षणभरही रिकामं नसे. जाणारा आणि येणारा, दोघेही मोठ्या व्हॉल्व्हच्या चाकावर एकेक हात ठेवत. जाणारा म्हणे, "चार्ज दिया." येणारा म्हणे, "चार्ज लिया." मगच जाणाऱ्यानं हात उचलायचा. छत्तीसगढी असो, बिहारी असो की आमच्याकडचा भंडारा-गोंदियाचा, शब्द हेच. नवा माणूस पहिल्या दिवशी हसे, आणि पुढे आयुष्यभर हसत नसे.

प्रफुल मेश्राम तिथे रात्रपाळीचा ऑपरेटर होता. संध्याकाळी आठ ते सकाळी आठ, ठेकेदारी नोकरी. वडील लहानूजी भिलाईच्या मोठ्या प्लांटमधून निवृत्त झालेले, घर भिलाईच्याच हुडको वसाहतीत. प्रफुलनं बी.एस्सी. केल्यावर लहानूजींनी एकच वाक्य ऐकवलं होतं, "आपल्या खानदानीत एम.एस्सी. कोनी नाही. तू होजो." प्रफुलला दुर्गच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला, तोही रेग्युलर, म्हणजे रोज सकाळी दहाला वर्गात हजर. हजेरी पाऊण वर्षाची भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. प्रवेश घेताना त्यानं सांगितलं होतं की मी नोकरी करत नाही. कारखान्यात सांगितलं होतं की शिक्षण संपलं. दोन्हीकडे खोटं बोलल्यामुळे दोन्हीकडे त्याला मान खाली घालून वागावं लागे, आणि अडचण आली तर ती कुणापाशीही बोलता येत नसे.

अडचण होती दयारामची. सकाळचा रिलीव्हर दयाराम कुम्हारीहून येई. माणूस गोड, पण आठचा दयाराम आठला आल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. कधी बस चुकली, कधी गाडी पंक्चर, कधी सासू आली, कधी सासू गेली. नऊ वाजत, साडेनऊ वाजत. प्रफुल चाकाजवळ उभा राहून रस्त्याकडे बघे आणि वर्गात त्याच्या नावापुढे भोपळा पडे. जुलै गेला, ऑगस्ट निम्मा गेला.

पोळ्याच्या आसपासची एक सकाळ. आठ वाजायचे होते. प्रफुल पाण्याच्या दाबाचं गेज बघून वळला तर बाकावर एक म्हातारा बसलेला. पांढरे केस, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, गळ्यात दुपट्टा.

"कोन पायजे?" प्रफुलनं विचारलं.

"मले कोन पायजे बाबू? मी रिलीव्हर."

"आन दयाराम?"

"येईल थो त्याच्या टायमानं. तू जा. कालेज हाये ना तुले?"

मराठी कानावर पडली आणि प्रफुलला घरच्या माणसासारखं वाटलं. कॉलेजचं ह्याला कसं कळलं, हा प्रश्न मनात आला, पण बॅगेतून पुस्तकाचं टोक बाहेर डोकावत होतं, त्यानंच उत्तर दिल्यासारखं झालं. गरजवंताला अक्कल नसते. त्यानं चाकावर हात ठेवला, म्हाताऱ्यानंही ठेवला.

"चार्ज दिया."

"चार्ज लिया," म्हातारा म्हणाला, आणि असं म्हणाला की जणू फार दिवसांनी कुणी त्याला जेवायला वाढलं होतं.

नाव विचारलं तेव्हा तो 'कृष्णराव' एवढंच बोलला.

त्या दिवशी प्रफुल पहिल्या तासाला पहिल्या बाकावर होता. दुसऱ्या दिवशीही कृष्णराव आला. मग रोजच. ठेकेदारानं एक माणूस वाढवला असेल, दयाराम आल्यावर कृष्णराव चार्ज त्याच्या हाती देत असेल, असा हिशेब प्रफुलनं मनाशी लावला आणि तो विषय मिटवला. संध्याकाळी आठला दयारामची आणि त्याची गाठ पडे, ती चार वाक्यांची.

"सुबह सब ठीक ना, प्रफुल भाई?" दयाराम डोळा बारीक करून विचारी.

"सब ठीक," प्रफुल म्हणे. उशिरा येण्याबद्दल हा लाजतो आहे, असं त्याला वाटे.

दयारामच्या मनात वेगळंच होतं. तो साडेनऊ-दहाला येई तेव्हा पंप हाउसमध्ये चिटपाखरू नसे. पंप मात्र नीट चाललेले, गेजचा काटा जागच्या जागी. पोरगा आठच्या ठोक्याला पळतो, हे त्यानं पहिल्या दिवशीच ताडलं होतं. पण बोंब मारली तर आपलं उशिरा येणंही उघडं पडणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघंही एकमेकांवर उपकार करतो आहोत अशा समजुतीत होते, आणि दोघंही गप्प.

कृष्णराव हळूहळू लवकर यायला लागला. आठच्या आधी, मग उजाडता उजाडता. "जा, जरा झोप घे," तो म्हणे. "डोये पाह्य कसे लाल झाले. मी हावो ना." आणि प्रफुल हात ठेवून, शब्द बोलून, निघून जाई. हुडकोच्या घरी तासभर झोप, अंघोळ, मग कॉलेज. इतकं सोपं होतं तर आधी का नाही झालं, असं त्याला वाटे.

पहिली खूण घरातच मिळाली. रविवारी आईनं ताटं वाढली. लहानूजींचं, आपलं, धाकट्या आम्रपालीचं. प्रफुल चौथ्या जागी पाट टाकून बसलेला.

"आई, आन मले?"

आईनं वळून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "माय वो! तू कवा आला?"

"कवाचा बसलो हावो. आम्रपालीसंगं बोलून राहिलो ना."

"मायासंगं?" आम्रपाली म्हणाली. "मी तो मोबाइल पे थी, भैया."

"अभ्यास करून करून पोट्टा हवा होऊन राहिला," लहानूजी म्हणाले, आणि सगळे हसले. प्रफुलही हसला.

मग बसचा कंडक्टर त्याला तिकीट विचारीनासा झाला. दोनदा बरं वाटलं, तिसऱ्यांदा नाही. रस्त्यात समोरून येणारी माणसं बाजूला होईनात, त्यालाच अंग चोरावं लागे. कॅन्टीनच्या खिडकीपाशी तो हात पुढे करून उभा राही आणि मागची माणसं समोसे घेऊन जात.

दिवाळीनंतर एकदा वर्गात अनुजा मॅडम हजेरी घेत होत्या. "प्रफुल मेश्राम?"

"यस मॅम."

मॅडमनी मान वर करून वर्गावर नजर फिरवली. ती नजर त्याच्यावरून गेली, थांबली नाही. "प्रफुल मेश्राम? आज भी नहीं."

"मॅम, मी... मैं हूँ!"

पुढचं नाव पुकारलं गेलं. तास संपल्यावर प्रफुल टेबलापाशी गेला आणि टेबलावर हात आपटला. मॅडम दचकल्या.

"अरे, तुम कब आये? इतने दिन से दिखे नहीं."

"रोज आता हूँ, मॅम."

"रोज?" त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. लांबचं काही वाचताना डोळे बारीक करावेत तसं. "बेटा, हाजिरी में तो तुम बिलकुल किनारे पर हो. अब एक दिन भी गया तो मैं कुछ नहीं कर पाऊँगी."

ज्या हजेरीसाठी त्यानं एवढा आटापिटा केला, ती तो वर्गात बसूनही बुडत होती. त्या दिवसापासून नाव पुकारलं की तो उभा राहून बाक जोरात वाजवी. पोरं आवाजाकडे बघत आणि मग, उशिरानं, त्याच्याकडे. त्या बळावर त्याची हजेरी कशीबशी भरली.

घरी हे सांगायची सोय नव्हती. लहानूजींच्या घरात भूतखेत, बाहेरबाधा, उतारा हे शब्दसुद्धा चालत नसत. शेजारणीनं एकदा दारावर लिंबू-मिरची बांधली होती, ती त्यांनी तिच्यादेखत तोडून नालीत टाकली होती. "बाबासाहेबानं आमाले यातून काहाडलं," ते म्हणाले होते. "आता आमी वापस जाऊन राहिलो का?" प्रफुलही तेच मानत होता. रसायनशास्त्राचा विद्यार्थी होता तो. झोप पुरी होत नाही म्हणून असं होतं, असं त्यानं मनाला बजावलं.

डिसेंबरात रसमड्याला धुकं आणि धूर एकमेकांत मिसळतात आणि सकाळ राखाडी होते. अशाच एका सकाळी व्हॉल्व्हच्या चाकावर दव साचलं होतं. प्रफुलनं हात ठेवला, कृष्णरावानं ठेवला, शब्द झाले. प्रफुलनं हात उचलला तर चाकावर त्याची बोटं उमटलेली दिसली, पुसट, पण होती. शेजारी, कृष्णरावाचा हात होता तिथे, दवाचा एक थेंबही हललेला नव्हता.

प्रफुल ते बघत राहिला.

"काका," तो म्हणाला, "तुमी घरी कवा जाता?"

कृष्णराव बाकावर बसला होता. "कोनी सोडलं त जाईन ना बाबू," तो शांतपणे म्हणाला. "कोनी सोडत नाही."

प्रफुल बाहेर पडला तो थेट गेटसमोरच्या अंजनाबाईच्या टपरीवर. अंजनाबाई रेल्वेतल्या गँगमनची विधवा, माहेर नागपूरकडचं, कारखाना सुरू झाला तेव्हापासून तिथे चहा विकायची. तिनं चार जणांना चहा दिला. प्रफुल समोरच उभा होता. त्यानं पत्र्यावर टिचकी मारली.

"बाई गं! कवाचा उभा हायेस? दिसलाच नाही."

"मावशी, दोन चहा. एक बांधून द्या, कृष्णराव काकासाठी."

अंजनाबाईची गाळणी हवेतच राहिली. "कोन्या कृष्णरावासाठी?"

"थे सकायी येतात ना. म्हातारे. दुपट्टावाले. मी त्यायलेच चार्ज देऊन जातो."

ती गाळणी ठेवून बाहेर आली, त्याच्या अगदी जवळ. त्याचा दंड चाचपून पाहिला, बाजारात कोंबडी पाहतात तसा. "रोज देतो? हात ठिऊन? बोलून?"

"हो."

"अन तू मले दिसत नाही कावून, थे आता समजलं." ती खाली बसली. मग तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. कृष्णराव याच पंप हाउसचा ऑपरेटर होता, बरीच वर्षं झाली. एके दिवशी सकाळी ठेकेदार बदलला. नव्याची माणसं गेटवर अडवली, जुन्याची घरी बसली. कृष्णरावाची रात्रपाळी संपली आणि रिलीव्हर आलाच नाही. छातीत दुखत होतं. गेटवाल्यानं सांगितलं, म्हातारबा, जा घरी, दवाखान्यात जा. तो म्हणाला, पंप चालू हाये, कोनाच्या भरोशावर सोडू? सकाळ गेली, दुपार गेली. उन्हं उतरल्यावर माणसं आत गेली तर तो बाकावर, एक हात चाकावर, थंड. हात सोडवायला दोघं लागले. पंप चालूच होते.

"चार्ज कोनी घेतलाच नाही त्याचा," अंजनाबाई म्हणाली. "मंग थो गेला कुठं? हाये तठीच."

"पन दयाराम रोज घेतो, मले संध्याकायी देतो..."

"कोनाकून घेतो? थो येतो तवा तिथं कोन रायते? ज्यानं घेतलाच नाही थो तुले देईन काय? तू देऊन राहिला फक्त. रोज थोडा थोडा, मेल्या मानसाच्या हाती. लेका, आता उरला किती तू?"

प्रफुलनं चहाचा ग्लास उचलला. "मंग करू काय, मावशी?"

"देलं थे वापस घे. दुसरं काय? पन एक समज. घेशीन त त्याची न सुटलेली ड्यूटी बी घ्या लागीन." ती उठली. मग वळून म्हणाली, "अन चहा नेऊ नको त्याले. ड्यूटीवर थो कोनाचं काई घेत नव्हता."

दोन दिवसांनी पहिला पेपर होता. अकराला. लहानूजींनी आदल्या संध्याकाळी, तो पाळीला निघताना, ठरवून टाकलं, "मी येतो तुले न्यायला. पेपरच्या दिवशी बसनं जाऊ नको. आठले गेटवर उभा रायतो."

पेपरच्या सकाळी कृष्णराव बाकावर होता. आता तो आधीसारखा सुरकुतलेला दिसत नव्हता. गाल भरले होते, शर्टाचा खाकी रंग उजळ होता. प्रफुलनं चाकावर हात ठेवला आणि शब्द न बोलता उभा राहिला.

"बोल बाबू. पेपर हाये ना तुया?"

"काका, आज मी देत नाही. आज मी घेतो."

कृष्णरावानं चाकावरच्या त्याच्या हाताकडे पाहिलं.

"कोनी सांगलं तुले? अंजनानं?" तो म्हणाला. "तोंडाची फाटकी हाये, पन मनाची चांगली." मग मान वर केली. "मी तुयं वाईट नाही केलं ना. मागतलं नाही कवा. तू देत गेला, मी घेत गेलो. मले बी बरं वाटे. कोनी आपल्या हाती देते, थे."

"मले मालूम हाये, काका."

"घेशीन त सगळं घ्या लागीन. आन तुले सोडवाले कोन येईन? थो दयाराम?" कृष्णराव हसला. वाईट नव्हतं ते हसणं, म्हणूनच अंगावर काटा आला. "दोन दिवस जाऊ दे. पेपर होऊ दे. मी कुठं जातो?"

प्रफुल डगमगला, हे खोटं कशाला बोलायचं. दोन-चार पेपर, मग बघू, असं वाटलंच. पण परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षकाची नजर आपल्यावरून सरकत जाईल आणि कोरा कागदसुद्धा पुढच्या बाकावर पडेल, हे चित्र डोळ्यांसमोर आलं. असं उरून पेपर द्यायचा तरी कुणी?

"घेतो," तो म्हणाला. "द्या."

कृष्णरावानं हात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या हाताचं वजन प्रफुलला चाकातून जाणवलं.

"चार्ज दिया."

"चार्ज लिया."

कृष्णराव उठला. गुडघे कटकन वाजले. दुपट्ट्यानं तोंड पुसलं, आणि कुठलाही माणूस ड्यूटी संपल्यावर जातो तसा दारातून बाहेर गेला. तो अदृश्य वगैरे झाला नाही. गेटकडे चालत गेला, थोडा लंगडत. धुक्यात शिरला आणि मग पाठ दिसेनाशी झाली.

प्रफुलनं बॅग उचलली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि मागे पंपाचा सूर बदलला. वळून पाहिलं तर गेजचा काटा खाली येत होता. तो आत धावला, काटा चढला. पुन्हा बाहेर पाऊल, पुन्हा काटा खाली. भट्टीच्या शेडमधून माणसांचे आवाज येत होते, कुणीतरी शिवी देऊन हसत होतं. त्यानं बॅग बाकावर ठेवली.

सुपरवायझर डोकावला. "कौन है यहाँ?" प्रफुल त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभा होता. "साहब, मैं हूँ!" तो ओरडला. सुपरवायझरनं काटा पाहिला, तो ठीक होता, आणि फोनवर दयारामच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेला.

मग प्रफुल बाकावर बसला. पहिल्यांदाच त्या बाकावर. बसल्यावर त्याला समजलं की तिथून दार दिसतं, रस्ता दिसतो, आणि येणारा प्रत्येक माणूस आपल्याचसाठी येतो आहे असं वाटतं. तो येतो आणि पुढे निघून जातो.

लहानूजी गेटवर थांबून थांबून कंटाळले. ओळखीच्या गेटवाल्याला सांगून आत आले. हातात डबा आणि प्रफुलचं प्रवेशपत्र. दारात थबकले.

"ह्या मायीचं! चालत्या पंपावर मानूस नाही?" त्यांनी डबा ठेवला. बाकावरची बॅग दिसली. "प्रफुल! ओ प्रफुल!"

"बाबा, मी अठीच हावो. बाबा!"

लहानूजींची नजर त्याच्या चेहऱ्यावरून भिंतीवर गेली. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला. प्रफुलच्या खिशात फोन वाजला. लहानूजी आवाजाच्या दिशेनं वळले. समोर काही नव्हतं आणि तिथून फोन वाजत होता. प्रफुलनं वडिलांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहिला. ह्या माणसाला घाबरलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

लहानूजींनी फोन बंद केला. इकडेतिकडे पाहिलं. ते काही पुटपुटले नाहीत, पळालेही नाहीत. उभा जन्म प्लांटमध्ये गेलेला माणूस. चालत्या मशीनवर माणूस नाही, तर आधी माणूस उभा करायचा, बाकी नंतर. त्यांनी चाकावर हात ठेवला. मग रिकाम्या खोलीला, त्यांच्याही प्लांटात बोलत तसं, चढ्या आवाजात म्हणाले, "चार्ज लिया!"

प्रफुलनं झेप घेऊन शेजारी हात ठेवला. "चार्ज दिया!"

"कवा आला बे तू?" लहानूजी किंचाळलेच. त्यांनी पोराचा खांदा घट्ट धरला, सोडेनात. "कुठं होता?"

"बाबा, तुमी कावून घेतला? तुमी कावून..."

"मंग कोन घेईन? जा, पेपर हाये तुया."

"मी जात नाही. तुमी जा. वापस द्या मले."

"पेपर कोन देईन, तुया बाप? मी बसतो. तुया थो दयाराम आला की त्याच्या हाती देतो. चावी घे गाडीची."

काय सांगणार? कुठल्या शब्दांत? जे शब्द होते ते त्या घरात चालत नव्हते. लहानूजी बाकावर बसले. प्रफुल उलट्या पावलांनी दारातून बाहेर झाला. काटा हलला नाही. तो गेटकडे पळाला.

गाडी उभी होती, चावी हातात होती, दुर्गचा रस्ता समोर होता. प्रफुल कुम्हारीच्या बाजूला तोंड करून उभा राहिला. अंजनाबाईनं लांबूनच हाक मारली, "आता दिसला रे, बाबू!" त्याला उत्तर देण्याचं भान नव्हतं. बस आली, गेली. दुसरी आली, गेली. वर्गातली दोन पोरं मोटरसायकलवरून जाताना ओरडली, "अबे चल ना, पेपर है!" तो हलला नाही.

दयाराम आला तेव्हा परीक्षेच्या पहिल्या घंटेला थोडाच वेळ उरला होता. "अरे सॉरी यार, सासू को बस में बिठाना..." प्रफुलनं त्याची कॉलर धरली आणि ओढत नेलं.

पंप हाउसच्या दारात दयाराम म्हणाला, "कोई तो नहीं है. झूठमूठ दौड़ाया."

बाकावर लहानूजी बसलेले प्रफुलला स्वच्छ दिसत होते. वैतागलेला चेहरा, मांडीवर डबा. ते म्हणत होते, "हाच का थो?" दयारामला ऐकू येत नव्हतं.

"चक्के पे हाथ रख," प्रफुल म्हणाला.

"क्या हुआ है तेरे को?"

"हाथ रख, दयाराम. और बोल. इतने महीने नहीं बोला, आज बोल."

दयारामनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याची सासू, बस, सगळं गळून पडलं. त्यानं हात ठेवला. लहानूजींनी उठून हात ठेवला, पोरखेळ चालल्यासारखी मान हलवत. "चार्ज दिया."

"बोल!" प्रफुल ओरडला.

"चा... चार्ज लिया."

आणि दयाराम मागे सरायला गेला, पण हात चाकावरून निघाला नाही. "काका! आप... आप कब से..."

"मी कवाचा हावो," लहानूजी म्हणाले. "चाल रे, पेपर."

ते निघाले. मागून दयारामची हाक आली, अगदी लहान आवाजात. "प्रफुल भाई, शाम को आएगा ना?"

"आऊँगा."

"आठ बजे. पक्का?"

"आठ से पहले."

गाडी लहानूजींनीच चालवली. दुर्गपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. हा माणूस परीक्षेच्या दिवशी गप्प बसणारा नव्हता, सूत्रं विचारून जीव खाणारा होता. कॉलेजच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा घंटा होऊन गेली होती. उशिराच्या मुलांना अजून आत सोडत होते.

प्रफुल उतरला. लहानूजींनी प्रवेशपत्र त्याच्या हातात दिलं, पण आपली चिमूट सोडली नाही.

"त्या बाकावर बसलो ना," ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "त मले वाटलं, आता कोनी येतच नाही."

प्रफुलनं प्रवेशपत्राचं दुसरं टोक धरून ठेवलं.

"असं काई नसते," लहानूजी म्हणाले. "मले मालूम हाये, नसते." मग त्यांनी गाडी फाटकाच्या आडोशाला नेऊन स्टँडवर लावली. "जा तू. मी अठीच उभा हावो. बाहेर आला की पहिले मायापाशी ये आन मले हाक मार. हाक मारल्याबिगर मी हलत नाही."

फाटकावरच्या शिपायानं प्रफुलचं प्रवेशपत्र पाहिलं, चेहरा पाहिला, पुन्हा प्रवेशपत्र पाहिलं, आणि "जल्दी जाओ" म्हणून आत सोडलं. जिना चढताना प्रफुलनं खिडकीतून खाली पाहिलं. वडील फाटकापाशी उभे होते. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते, आणि प्रफुल त्यांतल्या प्रत्येकाकडे नीट बघत होता, वळसा घालतो आहे ना, आरपार तर जात नाही ना.